सूर्यबंबाचा उजेड

धंदेवाईक कारागिरावर आमच्या बाबांचा काडीचा विश्वास नव्हता. नळाचा वॉशर असो, इस्त्रीची वायर असो, नाहीतर माझ्या चपलेचा अंगठा, "त्याला कशाला बोलवायचं? मी बसवतो की," हे त्यांचं वाक्य ठरलेलं होतं. ते केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून आले की घरी स्वतःच्या करायला मोकळे, असं आई म्हणायची. त्यांनी बसवलेला पंखा फिरताना असा डुलायचा की आम्ही कित्येक दिवस भिंतीला चिकटून जेवलो. शेवटी आईनेच तो गुपचूप मिस्त्रीकडून नीट करून घेतला आणि बाबांना सांगितलं, बघा, आपोआप बसला की नाही. त्यावर बाबांनी मान डोलावली होती.

सत्तरच्या दशकाचा मध्य असावा. मी आठवीत होते. कलकत्त्यात भवानीपूरच्या एका अरुंद गल्लीत, दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. बाहेर मी बंगाली मुलींसारखी बंगाली बोलायचे आणि घरात माझं मराठी ऐकून आई कपाळाला हात लावायची. बाकी आमचं सगळं तिथल्यासारखं झालं होतं. फक्त अंघोळीचं नाही. शेजारचे लोक दुपारी जेवणाआधी अंगाला तेल चोळून गार पाणी घ्यायचे. आम्हाला मात्र बारा महिने उजाडायच्या आत कढत पाणी लागायचं. त्यासाठी पुण्याहून तांब्याचा बंब आणला होता. तो पेटला की धूर सगळ्या जिन्यात भरायचा आणि खालच्या मजल्यावरचे घरमालक खोकत बाहेर यायचे. रॉकेलला रांग, आणि विजेचं तर विचारूच नये. लोडशेडिंग हा शब्द आमच्या गल्लीतली शेंबडी पोरंही म्हणायची.

अशात पुण्याहून पोस्टाने येणाऱ्या एका मराठी मासिकात, उन्हावर पाणी तापवायची कृती छापून आली. सोबत आकृतीही होती. झालं. बाबांचे दोन महिन्यांचे रविवार त्यातच गेले. लाकडाची उथळ पेटी, तिच्यात काळा रंग दिलेला पत्रा, पत्र्यावर वळणावळणाची नळी. पाडलेल्या एका जुन्या कोठीच्या खिडक्यांची दोन लांबट तावदानं भंगारवाल्याकडून आणून त्यांनी पेटीवर बसवली. ती काच इतकी जुनी होती की तिच्यातून पाहिलं तर पलीकडचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलायचं. पेटीच्या डोक्याशी, टाकी म्हणून, आमचा तांब्याचा बंबच आडवा बांधला. त्याचं सपाट झाकण आईने चिंचेने घासून लख्ख केलं होतं. बाबांनी या सगळ्या प्रकाराला सूर्यबंब असं नाव दिलं.

पेटीला उतार किती द्यायचा, तेही मासिकात दिलं होतं. पण तो उतार पुण्याचा. कलकत्ता पुण्यापेक्षा बरंच उत्तरेला आहे, हे मला शाळेच्या नकाशात दिसत होतं आणि ते मी सांगितलंही.

"छापून आलंय ते काय उगीच?" बाबा म्हणाले. शिवाय पेटीचा एक पाय आखूड पडला होता, त्याखाली विटेचे तुकडे आले. दुर्गापूजेच्या थोडं आधी सूर्यबंब गच्चीवर उभा राहिला, थोडासा पूर्वेकडे कलून.

पाणी तापायचं, खोटं कशाला बोलू? चार वाजता हात लावला तर चटका बसायचा. पण पहाटेपर्यंत ते कोमट होऊन जायचं, आणि आम्हाला तर ते पहाटेच हवं असायचं. बाबा कोमट पाण्याने अंघोळ करून, कुडकुडत, "वा, काय कढत आहे," असं म्हणत बाहेर यायचे.

तो उजेड पहिल्यांदा मला दिसला. चार वाजता मी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले होते. समोर, गल्लीपलीकडे, एक तिमजली घर होतं. त्याच्या वरच्या मजल्याच्या भिंतीवर माणसाच्या उंचीचा उजेडाचा एक पट्टा पडला होता. वरच्या टोकाला, थोडं अंतर सोडून, तांबूस गोल. पट्टा जागच्या जागी हलत होता, पाण्यात पाय बुडवून उभं राहावं तसा. सूर्यबंबाची काच आणि बंबाचं झाकण, हे माझ्या लगेच लक्षात आलं. तरी मी कपडे पोटाशी घट्ट धरले. बघता बघता तो पट्टा सरकला आणि बंद खिडकीच्या झडपांवर जाऊन थांबला.

ती खिडकी कुणाची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या घरात एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको राहायची. तिला मी माशिमा म्हणायचे, म्हणजे आपली मावशी. त्यांना एकच मुलगा होता. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पायात चपला सरकवून तो बाहेर पडला आणि परत आला नाही. नक्षलवादी चळवळीच्या त्या काळात आमच्या भागातली बरीच मुलं अशी गेली. काहींचे निदान देह मिळाले. माशिमाला काहीच मिळालं नाही. ती त्याच्या खोलीला कुलूप लावून बसली. नवरा हयात असून तिने मासे खाणं सोडलं. त्यांच्यात ते विधवेचं लक्षण, म्हणून नातेवाईक तिला रागावायचे. भूत चतुर्दशीला, म्हणजे आपल्या नरकचतुर्दशीच्याच तिथीला, संध्याकाळी बंगाली घरांत पूर्वजांसाठी चौदा दिवे लावतात. माशिमाने ते लावणंही बंद केलं. "मेलेल्यांसाठी दिवे लावायला बसले तर हात मोजायला लागेल, आणि मला मोजायचं नाही," असं तिने आईला सांगितलं होतं. आईने ते मला सांगितलं, आणि मग नको सांगायला होतं असं म्हणाली.

पूजा संपली आणि एक दिवस ती खिडकी उघडी दिसली.

दुसऱ्या दिवशीही, चारच्या सुमारास. आठवड्याभरात माशिमा आमच्याकडे केळफुलाची भाजी घेऊन आली. केस विंचरलेले, धुवट पातळ. तिने आईचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "तो येतो. रोज दुपारी. काही बोलत नाही." आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. ती गेल्यावर आई मला म्हणाली, "तिने काल मासे खाल्ले." मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ ती नुसती भांडी लावत राहिली.

मला ते बघायचं होतं. मी भित्री नव्हते आणि आगाऊ तर होतेच. एका दुपारी माशिमाकडे गेले. तिने त्या खोलीचं कुलूप काढलं. खोलीत चार वर्षांचा कोंडलेला वास होता. खाट, तिच्यावर ताठ घडी केलेली चादर, कपाटात पुस्तकं, खुंटीला एक सदरा. स्टुलावर तिने मुरमुऱ्यांची वाटी आणि चहा ठेवला होता, चहावर बशी झाकलेली. आम्ही जमिनीवर बसलो.

आधी छतावर खिडकीपाशी थोडं उजळलं. मग तो पट्टा छतावरून आत आत आला आणि समोरच्या भिंतीवरून खाली उतरू लागला. आधी उभा हलणारा पट्टा आणि मग वरून तो तांबूस गोल. कपाटापाशी तो जरा थांबल्यासारखा झाला. मग खाटेपाशी पोचला, खाटेच्या कडेला मोडला, आणि त्याचा खालचा भाग चादरीवर आडवा आला.

"बसला," माशिमा म्हणाली.

तो बसला होता. उजेड कसा मोडतो हे मला कळत होतं, तो मोडलेला दिसतही होता, आणि तरी माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. माशिमाने चहावरची बशी काढली. उजेड हळूहळू फिका होत गेला आणि भिंत पुन्हा भिंत झाली. मग तिने तो गार झालेला चहा स्वतः प्यायला, आणि मुरमुरे मला दिले. ते मला गिळवले नाहीत. मी ते ओच्यात लपवून आणले आणि गल्लीत टाकले.

इकडे सूर्यबंब गळायला लागला. पाणी भिंतीतून झिरपत खालपर्यंत गेलं, घरमालकांच्या देवघराच्या छताला ओल आली आणि ते तावातावाने वर आले. कालीपूजेच्या आत हे धूड काढा, नाहीतर जाणत्या माणसाकडून बसवून घ्या, असं त्यांनी बजावलं. दिवाळी तोंडावर आली होती. पहिल्या अंघोळीला तरी पाणी कढत हवं, हे आईचंच तुणतुणं महिनाभर चाललं होतं. बाबा दोन दिवसांनी एस्प्लनेडजवळच्या, हॉटेलांचे आणि इस्पितळांचे बॉयलर बसवणाऱ्या एका कंपनीचा माणूस घेऊन आले. टाय लावलेला, घाईतला माणूस होता. त्याने पेटीभोवती एक चक्कर मारली, होकायंत्र काढलं, आणि म्हणाला की नवी काच, नवा उतार, टाकीला कापसाचं जाड वेष्टण, सगळं पातळीत. शनिवारी काढू, रविवारी बसवू. बाबांच्या कामाला त्याने नावं ठेवली नाहीत. त्याने त्याच्याकडे काम म्हणून पाहिलंच नाही, आणि बाबांना तेच जास्त लागलं.

त्या रात्री जेवताना आईने सगळं बाबांना सांगितलं. माशिमा, खोली, चहा, मासे. "राहू द्या तसंच," ती म्हणाली. "मी चुलीवर पाणी तापवीन."

बाबांचा घास हातातच राहिला. "अगं, पण ती काच आहे. तिला सांगायला हवं."

"तुम्ही सांगा."

बाबांनी सांगितलं नाही. आईनेही नाही. मी तर नाहीच. गळती खरी होती, मालकांची मुदतही खरी होती, आणि शनिवार यायचा तो आलाच.

शनिवारी सकाळी माणसं आली. दुपारपर्यंत पेटी सुटी झाली, दोराने खाली उतरली. बंब खाली आणून मोरीत ठेवला. बाबा काही फेकणाऱ्यांतले नव्हते. ती दोन जुनी तावदानं त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या खाटेखाली सरकवली. गच्चीवर ओल्या विटांचे डाग तेवढे राहिले.

साडेतीन वाजले तशी आई अस्वस्थ झाली. "तू जा," ती मला म्हणाली. "आज तिच्याजवळ कुणीतरी असायला हवं."

बाबा शनिवारचा अर्धा दिवस भरून घरी आले होते. त्यांनी आईच्या कपाटावरचा आरसा काढून काखेत धरला. "उजेडच हवाय ना? मी गच्चीवरून टाकतो," ते म्हणाले. "त्याला काय कंपनी लागते?" आईने कधी नव्हे ते त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. मलाही हायसं वाटलं. मी जिना उतरून गल्ली ओलांडून गेले.

खोली उघडीच होती. माशिमा खिडकीशी उभी होती. मला पाहून ती खाली बसली, मी तिच्या शेजारी बसले. स्टुलावर चहा होता. मला सारखं वाटत होतं, बाबांचा हात थरथरेल, उजेड भिंतीभर नाचेल आणि तिला कळेल.

छतावर उजळलं. मी श्वास सोडला. बाबांना जमलं होतं. पट्टा सावकाश पुढे आला, भिंतीवरून उतरला. अगदी तसाच, जागच्या जागी पाण्यासारखा हलणारा, आणि वर तांबूस गोल. बाबांचा हात इतका स्थिर कसा, याचं मला नवल वाटलं. कपाटापाशी तो थांबला. खाटेपाशी आला. पण बसला नाही. खाटेच्या कडेकडेने भिंतीवरून सरकत तो दाराकडे निघाला. तिकडे तो कधीच गेला नव्हता. बाबांचा हात भरून आला असेल, असं मी मनात म्हटलं. दाराच्या चौकटीवर तो क्षणभर उभा राहिला, मग उंबऱ्यावरून बाहेर गेला आणि जिन्याच्या अंधारात मिटला.

माशिमाने डोक्यावरून पदर घेतला. चहावरची बशी तिने काढली नाही. "आता तू घरी जा, मा," ती मला म्हणाली. बंगालीत लहान मुलींना तसंच म्हणतात.

मी धावत घरी आले. बाबांना शाबासकी द्यायची होती, थोडं चिडवायचंही होतं. आमच्या जिन्यात आई केरसुणीने काचा गोळा करत होती. बाबा वरच्या पायरीवर बसले होते, तळहाताला फडकं गुंडाळलेलं.

"सुटला हातातून," ते म्हणाले. "तू गेलीस आणि लगेच. गच्चीपर्यंत पोचलोच नाही." मग त्यांनी मला विचारलं, "फार रडली का गं ती?"

मी त्यांना ओलांडून गच्चीवर गेले. गच्ची रिकामी होती. कठड्यावर एक कावळा होता, तोही उडाला. मला थंडी वाजायला लागली आणि रात्रीपर्यंत अंगात ताप भरला.

आज इतक्या वर्षांनी मला हवी तेवढी कारणं सुचतात. कुणाच्या तरी खिडकीची झडप, कुणाच्या गच्चीवरची परात. मी विज्ञान शिकले, शिकवलंही, आणि कारणं देणं हा माझा धंदाच होता. पण तो तांबूस गोल मी पाहिला होता, आणि ते तांबं त्या वेळी आमच्या मोरीत पडलं होतं. याच्यापुढे माझं डोकं चालत नाही आणि मी ते चालवतही नाही.

रविवारी नवा सूर्यबंब बसला. त्याचा उजेड समोरच्या घरावर पडला नाही, कुठेच पडला नाही. समोरची खिडकी बंद राहिली. नरकचतुर्दशीच्या पहाटे नळातून इतकं कढत पाणी आलं की गार पाण्याचं विसण घ्यावं लागलं. उटणं लावून, वाफेत बसून, आम्ही तिघांनी पाळीपाळीने अंघोळ केली. कुणीही छान झालं असं म्हटलं नाही.

संध्याकाळी दिवे गेले. गल्ली काळीठिक्कर झाली आणि घराघरांतून पणत्या बाहेर येऊ लागल्या. आम्ही गॅलरीत उभे होतो. समोरच्या घराचं दार उघडलं आणि हातात ताट घेऊन माशिमा बाहेर आली. तिने उंबऱ्यावर दिवे ठेवले, जिन्याच्या झरोक्यांत ठेवले, कठड्यावर ठेवले. आईचे ओठ हलत होते. चौदा झाल्यावर आईने हुश्श केलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची ती खिडकी उघडली आणि तिच्यात आणखी एक पणती आली.

आईने पंधरावी मोजली. "अहो, तिने त्याला मेलेल्यांत धरलं."

"माझ्यामुळे," बाबा म्हणाले. बाबांना असं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

वारा होता. खिडकीतली पणती विझली. माशिमाने ती पुन्हा लावली. पुन्हा विझली. तिसऱ्यांदा काडी ओढलेली दिसली तेव्हा बाबा आत गेले, माझ्या खाटेखाली वाकले, वर्तमानपत्र सोडून एक तावदान त्यांनी बाहेर काढलं आणि मला म्हणाले, "कंदील धर. चल."

माशिमाने दार उघडलं. बाबांच्या हातातली काच बघून ती बाजूला झाली आणि आम्हाला वर घेऊन गेली. खोलीतली चादर काढलेली होती, खुंटीवर सदरा नव्हता. बाबांनी काच खिडकीच्या चौकटीत धरून पाहिली. मग आपल्या मोडक्यातोडक्या बंगालीत, तिच्याकडे न बघता, म्हणाले, "तो उजेड... तो या काचेचा होता. आमच्या गच्चीवरच्या. आम्ही सांगायला हवं होतं."

"मला ठाऊक आहे," माशिमा म्हणाली. "तुम्ही ती बसवत होता, तेव्हा मी खिडकीच्या फटीतून बघत होते. रोज तुमचीच काच यायची. मी म्हटलं, येऊ दे. त्याच्याएवढी होती." तिने पणतीत तेल घातलं. "शनिवारी दुपारी तुमच्या माणसांनी ती खाली उतरवली, तेही मी बघितलं. आणि तरी चार वाजता तो आला. म्हणून मला कळलं. तो निरोप घ्यायला आला होता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

ते पुन्हा खिडकीकडे वळले. दुखऱ्या हाताने काच सरळ धरून त्यांनी खिशातून लाकडाच्या दोन बारीक पाचरी काढल्या, खाली एक बसवली, कोपऱ्यात एक. बोटाने काच हलवून पाहिली, ती हलली नाही. माशिमाने काडी ओढली आणि आम्ही तिघं ज्योत सरळ उभी राहीपर्यंत तिथेच थांबलो.